दावा करायला कोणी आलं का?

एमबीबीएसला प्रवेश मिळालेली मुलं पहिल्यांदा डिसेक्शन हॉलमध्ये जातात तेव्हा हल्ली अनेक कॉलेजांत त्यांना शपथ देतात. टेबलावरचा देह हा आपला पहिला गुरू आहे, त्याने केलेल्या दानाचा मान राखू, असा साधारण आशय असतो. प्रथा चांगलीच आहे. मला अडतं ते फक्त 'दान' या शब्दापाशी.

कारण त्या टेबलांवर दोन प्रकारचे देह असतात. एक, ज्यांनी जिवंतपणी फॉर्म भरून देहदान केलं, किंवा ज्यांच्या घरच्यांनी नंतर ते केलं. दुसरे, ज्यांनी काहीच दिलेलं नव्हतं. ते सरकारी दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेले आणि त्यांना न्यायला कोणी आलं नाही. कायद्याच्या भाषेत बेवारस. त्यांचा देह दिला सरकारने. शपथ घेणाऱ्या मुलांना यातला कोण कुठला हे बहुतेक वेळा माहीतही नसतं.

हा सरकारी हक्क येतो १९४९ च्या 'बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट'मधून. तो आजही महाराष्ट्रात लागू आहे. बेवारस देहाबाबत हा कायदा एकच प्रश्न विचारतो: दावा करायला कोणी आलं का? मेलेल्या माणसाची इच्छा काय होती, हा प्रश्न त्यात येत नाही. असं का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. आधी मुंबईत नाही, स्कॉटलंडमध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरा हे डॉक्टरी शिक्षणाचं मोठं केंद्र होतं. विद्यार्थी खूप आणि देह कमी. ब्रिटनमध्ये १७५२ च्या कायद्याने खुनाबद्दल फाशी गेलेल्यांचे देह चिरफाडीसाठी देता येत. म्हणजे देह चिरला जाणं हा शिक्षेचाच भाग होता, फाशीच्या वर आणखी एक बट्टा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पण फाशी जाणारे असे किती असणार? त्यामुळे ताज्या कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता. घरचे लोक कबरीवर रात्रीचे पहारे देत, ज्यांना परवडे ते लोखंडी पिंजरे बसवत.

१८२७ च्या अखेरीस विल्यम हेअर नावाच्या माणसाच्या खोल्यांमध्ये राहणारा एक म्हातारा पेन्शनर नैसर्गिक मरणाने मेला. त्याच्याकडे भाड्याचे ४ पौंड थकले होते. हेअर आणि त्याचा भाडेकरू विल्यम बर्क यांनी शवपेटीत दुसरंच काहीतरी भरलं आणि प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या वर्गाला विकलं. साडेसात पौंड मिळाले. थकबाकी वसूल होऊन वर नफा! मग कबर खणायची, कोणी मरायची वाट बघायची गरजच काय, असं दोघांनी ठरवलं. पुढच्या वर्षभरात त्यांनी १६ माणसं मारली आणि नॉक्सना विकली. मारलेले कोण होते ते बघा: भटक्या बायका, दारूच्या आहारी गेलेले, परगावाहून आलेले, रस्त्यावर फिरणारा एक मतिमंद तरुण. म्हणजे जे नाहीसे झाले तर कोणी विचारायला येणार नाही असे लोक. या तरुणाला शहरात सगळे ओळखत होते, विद्यार्थ्यांनीही टेबलावर त्याला ओळखलं असं सांगतात, तरी काम थांबलं नाही.

हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याचाच देह भर वर्गात चिरला गेला. त्याचा सांगाडा अजून एडिंबराच्या संग्रहालयात आहे. डॉ. नॉक्स यांच्यावर खटलाही चालला नाही.

१८३१ मध्ये लंडनमध्ये असाच प्रकार उघडकीला आल्यावर पार्लमेंटने १८३२ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. खून थांबवायचे तर देहांचा कायदेशीर पुरवठा हवा, हे त्यामागचं गणित. पुरवठा कुठून? गरिबांना ठेवायच्या वर्कहाऊसमधून आणि दवाखान्यांतून. तिथे जो मरेल आणि ज्याला न्यायला कोणी येणार नाही, त्याचा देह कॉलेजला. कालपर्यंत जी खुन्याची शिक्षा होती ती आता गरिबाच्या वाट्याला आली. गुन्हा काय, तर अंत्यविधीला पैसे नसणं. कायद्यात एक पळवाट होती: मरण्याआधी लेखी, किंवा शेवटच्या आजारात दोन साक्षीदारांसमोर तोंडी, नको म्हणून सांगितलं असेल तर देह देता येत नसे. पण वर्कहाऊसमधल्या निरक्षर म्हातारीला हे सांगणार कोण?

रूथ रिचर्डसन या इतिहासकार बाईंनी याचा हिशेब मांडला आहे. कायदा आल्यानंतरच्या पहिल्या शंभर वर्षांत लंडनच्या कॉलेजांत सुमारे ५७ हजार देह चिरले गेले. त्यातले गरिबांच्या संस्थांबाहेरून आलेले अर्धा टक्कासुद्धा नव्हते. जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाने त्याच १८३२ साली स्वतःचा देह आपणहून दिला, त्याचं कौतुक आजही होतं. रास्तच आहे. पण त्या ५७ हजारांत बेंथम किती होते, ते या आकड्यावरून कळतं.

आता मुंबई. (सुश्रुताने हे आधीच सांगितलं होतं, अशी कमेंट येणारच, म्हणून आधीच सांगतो: हो, सुश्रुतसंहितेत देह पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात कुजवून मग एकेक थर अभ्यासायची रीत दिली आहे, देह कसा निवडावा हेही दिलं आहे. तो देह कोणाचा आणि त्याला कोणी विचारलं, हे मात्र तिथेही नाही.) १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तो आधुनिक भारतातला पहिला प्रसंग मानतात. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सुधारक विरुद्ध सनातनी अशी सांगतात. प्रेताला हात लावायचं धाडस केलं, जातीची बंधनं मोडली, वगैरे. ते खरंच आहे, पण ती टेबलाच्या या बाजूची गोष्ट आहे.

टेबलाच्या त्या बाजूला काय वाटत होतं, ते प्लेगच्या वर्षी दिसलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेला. हा म्हणजे आजचं कस्तुरबा हॉस्पिटल. गावात अफवा होती की दवाखान्यात नेलेल्या माणसांना मारून त्यांची काळजं काढतात. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं होतं, त्याची भरपाई म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागितली आहेत, असंही लोक बोलत. आणि मोमियाई तर जुनीच. माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून काढलेलं तेल, ते सरकार औषधाला वापरतं. ज्यांच्या आज्या-पणज्या मुंबईत वाढल्या त्यांच्यापैकी काहींनी लहानपणी 'मोमियाईवाला नेईल' ही भीती ऐकलेली असेल.

या सगळ्याला आपण अडाणीपणा म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. काळीज काढत नव्हते हे खरं, पण दवाखान्यात मेलेल्या गरिबाच्या देहावर त्याच्या माणसांचा हक्क उरत नाही, हा अनुभव काल्पनिक नव्हता. वर्दीतली माणसं घरात घुसून आजाऱ्याला उचलत होती, प्रेतं तपासत होती. पुढच्याच वर्षी पुण्यात याच जुलमावरून रँडचा खून झाला. ब्रिटनमध्येही १८३२ च्या कॉलऱ्यात लिव्हरपूल आणि मँचेस्टरला असेच दंगे झाले होते, आणि तिथेही लोक हेच ओरडत होते की डॉक्टर देहासाठी मारतात. दोन देश, एकच भीती, आणि दोन्हीकडे घाबरणारे लोक एकाच आर्थिक थरातले.

मग स्वातंत्र्य आलं. १९४९ मध्ये मुंबई प्रांताच्या आपल्याच सरकारने अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. डॉक्टर हवे होते, कॉलेजं वाढवायची होती, हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण सांगाडा १८३२ चाच राहिला. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात माणूस मेला आणि देह बेवारस असेल, तर दवाखान्याने लवकरात लवकर अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्याने तो मान्यताप्राप्त संस्थेकडे द्यायचा. त्या भागात कायमचा पत्ता नसलेला माणूस सार्वजनिक जागी मेला, तरी तेच. मरणाच्या कारणाबद्दल शंका असेल तर आधी पोलीस. पुढे दुरुस्ती होऊन त्यात दान केलेल्या देहांची सोय आली. ती चांगली गोष्ट. पण बेवारसाचं कलम तिच्या शेजारी तसंच बसून राहिलं.

कायमचा पत्ता नसलेला. मुंबईत, पुण्यात, नाशकात बांधकामावर, हॉटेलात, नाक्यावर किती माणसं अशी आहेत याचा विचार करा. त्यांना नातेवाईक नसतात असं नाही. ते दोन राज्यं पलीकडे असतात, त्यांना कळलेलं नसतं, किंवा कळूनही गाडीभाडं नसतं. त्यांना वारस आहेत. वेळेत पोचलेले नाहीत, एवढंच.

हाडांची गोष्ट याहून वाईट. माझी भाची मेडिकलला गेली तेव्हा तिने सीनियरकडून बोन सेट विकत घेतला. पुठ्ठ्याच्या खोक्यात खरी माणसाची हाडं, आधीच्या तीन-चार मालकांनी पेनाने खुणा केलेली. हॉस्टेलच्या कॉटखाली वर्षभर होती. ती कोणाची, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "मामा, हे कोणीच विचारत नाही." एके काळी भारत हा जगाला मानवी सांगाडे पुरवणारा सर्वात मोठा देश होता. परदेशातल्या शाळा-कॉलेजांतले सांगाडे मुख्यतः कलकत्त्याहून जात. मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडल्यावर गदारोळ झाला आणि १९८५ मध्ये केंद्राने निर्यातीवर बंदी घातली. बंदी निर्यातीवर. कॉटखालच्या खोक्यांना ती लागू नव्हती.

आता पुन्हा ब्रिटनला यावं लागतं, कारण आपण ज्यांचा सांगाडा घेतला त्यांनी तो पुढे टाकून दिला. सप्टेंबर १९९९ मध्ये ब्रिस्टल इथल्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीत एका तज्ज्ञाने साक्ष देताना सहज सांगितलं की लिव्हरपूलच्या आल्डर हे हॉस्पिटलात मुलांच्या हृदयांचा मोठा संग्रह आहे. शोध घेतल्यावर कळलं की १९८८ ते १९९५ या काळात तिथल्या पॅथॉलॉजिस्टने, डिक व्हॅन व्हेल्झन यांनी, पोस्टमॉर्टेम झालेल्या मुलांचे अवयव सरसकट काढून ठेवले होते. २००१ च्या रेडफर्न अहवालात सुमारे ८५० बालकांच्या अवयवांच्या २ हजारांहून जास्त बरण्यांची नोंद आहे. बरेचसे कधी तपासलेही गेले नव्हते. आईबापांनी मूल पुरलं ते अर्धं पुरलं, हे त्यांना दहा-दहा वर्षांनी फोनवर कळलं. काहींनी दोनदा, तीनदा दफन केलं, जसजसे अवयव सापडत गेले तसतसं.

यात एक शब्दाची गंमत होती, गंमत म्हणवत नाही खरं तर. फॉर्मवर 'टिश्यू' ठेवून घ्यायला संमती असं छापलेलं असे. आईबापांना वाटलं, काचेच्या पट्टीवर ठेवतात तसा एखादा पातळ तुकडा. डॉक्टरांच्या हिशेबी त्यात अख्खं हृदय बसत होतं. आपल्याकडे सरकारी मराठीत टिश्यूला 'ऊती' म्हणतात. उद्या कुणी तुमच्यासमोर ऊती काढण्यास संमतीचा कागद ठेवला तर तुम्हाला काय कळेल, सांगा. मला विचाराल तर त्या कागदावर त्वचा, हाड, डोळ्याची पारदर्शक पापुद्र्यासारखी बाहुली, हृदयाची झडप असं एकेक नाव लिहिलं पाहिजे.

ब्रिटनचा तेव्हाचा कायदा १९६१ चा होता. नातेवाइकांची हरकत असल्याचं चौकशीत दिसलं नाही तर घ्यायला मुभा, असा. २००४ चा ह्युमन टिश्यू अ‍ॅक्ट आला आणि त्याने पायाच बदलला. हरकत नव्हती, हे कारण संपलं. स्पष्ट संमती हवी. संमतीशिवाय ठेवलं-वापरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. ह्युमन टिश्यू अथॉरिटी नावाची वेगळी संस्था आली, ती अ‍ॅनाटॉमी, पोस्टमॉर्टेम, संशोधनासाठी साठवण, प्रदर्शन अशा कामांना परवाने देते आणि तपासणीला जाते. शिक्षणासाठी चिरफाड करायची तर माणसाने स्वतः, जिवंतपणी, लेखी, साक्षीदारासमोर होकार दिलेला असला पाहिजे. नंतर बायको-मुलं म्हणाली तरी चालत नाही. १८३२ चं वर्कहाऊस १७४ वर्षांनी, १ सप्टेंबर २००६ ला कायदा लागू झाला तेव्हा, खऱ्या अर्थाने बंद झालं.

आणि तिथली मेडिकल कॉलेजं बंद पडली नाहीत. थायलंडमध्ये तर देह देणाऱ्याला 'महागुरू' म्हणतात, त्याच्या अंत्यविधीला विद्यार्थी हजर असतात. अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही २०१२ मध्ये सांगितलं की फक्त दान केलेले देहच वापरा.

आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा वेगळ्या कारणाने आला. ऐंशीच्या दशकात मुंबई-मद्रासमध्ये किडन्यांचा उघड बाजार होता, आखाती देशांतले रुग्ण यायचे. मद्रासच्या विल्लिवाक्कमला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले होते. कायद्याने विक्रीला बंदी केली आणि मेंदूमृत्यूला मान्यता दिली. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून आधी काही राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती करावी लागते. ती करणारी तीन राज्यं होती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो इथे लागू आहे. यात आपण खरंच पुढे होतो. टिश्यू मात्र नावासकट त्यात यायला २०११ ची दुरुस्ती लागली आणि ती लागू झाली जानेवारी २०१४ ला. तोवर टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आणि सायन हॉस्पिटलची त्वचा बँक २००० पासून चालू होती. म्हणजे काम आधी, कायदा मागून. तरी बरं, काम करणारे लोक सचोटीचे होते.

या कायद्याची दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम ३: मरणानंतर अवयव द्यायची इच्छा माणसाने लेखी नोंदवायची तर दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक हवा. कलम ५: दवाखान्यात किंवा तुरुंगात पडलेला देह ४८ तासांत जवळच्या नातेवाइकाने नेला नाही, तर दवाखान्याचा किंवा तुरुंगाचा प्रमुख अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. जवळचा नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भावंडं, आणि २०११ नंतर आजी-आजोबा, नातवंडं. पुतण्या नाही. भाचा नाही. तीस वर्षं शेजारी राहिलेला मित्र नाही.

म्हणजे एकट्या माणसाला स्वतःहून काही द्यायचं तर नातेवाईक नाही म्हणून त्याचा कागद अपुरा. त्याच्याकडून घ्यायचं तर नातेवाईक नाही म्हणूनच ते सोपं. (४८ तासांनी किडनी, यकृत उपयोगाचं राहत नाही, डोळे तर सहा तासांतच काढावे लागतात, त्यामुळे या कलमाचा वापर मर्यादित. पण कायदा काय विचार करतो ते त्यातून कळतंच.)

मला नेहमीचा प्रश्न विचारला जातो: बेवारस देह बंद केले तर मुलं शिकणार कशावर? उद्या तुमचं ऑपरेशन करणारा डॉक्टर प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर शिकलेला चालेल का? नाही चालणार. मी स्वतः देहदानाचा फॉर्म भरलेला आहे. पण हाच प्रश्न १८३२ मध्येही विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर म्हणून गरिबाकडे बोट दाखवलं गेलं, कारण ते स्वस्त पडत होतं. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ कित्येक वर्षं चालू आहे, डोंबिवलीपासून गावोगावच्या मंडळांपर्यंत. तिने दधीचीचं नाव घेतलं ते उगीच नाही. त्या कथेत देव स्वतः ऋषीच्या दारी जातात, हाडं हवीत म्हणून मागतात, आणि तो हो म्हणतो. वज्राची एवढी निकड असतानाही आधी विचारलं होतं.

लगेच करता येण्यासारखं बरंच आहे, कायदा बदलायची वाट न बघता. प्रत्येक मेडिकल कॉलेजने वर्षाला किती देह दानाचे आणि किती बेवारस आले, एवढे दोन आकडे आपल्या संकेतस्थळावर टाकावेत. आपल्या भागातल्या कॉलेजला माहिती अधिकारात हे विचारता येतं. ज्यांनी विचारलं त्यांनी उत्तर खाली टाका. दवाखान्यात एकटा माणूस भरती होतो तेव्हा केसपेपरवर आणखी एक ओळ लिहून घ्यावी, त्याला कळेल अशा भाषेत: तुमचं काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, आणि देहाचं काय करायचं. शुद्धीवर असलेल्या माणसाला हे विचारायला किती वेळ लागतो?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, लग्न केलेलं नाही, भावंडं गेली. अवयवदानाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय गेले दोन महिने. दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीपुढे 'जवळचा नातेवाईक' छापलंय, तिथे काय लिहू, असं परवा मला विचारत होते. मी म्हटलं, माझी सही घ्या, चालेल की नाही ते विचारून सांगतो. विचारलं. चालत नाही.